गप्प बसलेला दगड

पहाटे ५.१५

नवऱ्याची सकाळची पाळी असली की आमचं घर सव्वापाचला जागं होतं. सहाच्या आत त्याला कारखान्याच्या गेटवर पोचायचं असतं, आणि जुलैच्या पावसात भिलाईतले सरळसोट रस्तेसुद्धा लांब वाटतात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोह्यांचा कांदा. चहाला उकळी येईपर्यंतची तीन मिनिटं माझी. तेवढ्यात मी फोन उघडते आणि फक्त विज्ञान शिक्षकांचा गट बघते.

रात्री ११.४० ला सालेकशाकडच्या एका सरांचा निरोप येऊन पडला होता. "ताई, चार नंबरचा दगड फसफसत नाही. तीन नंबर मस्त फसफसला. पोरं म्हणतात, सर, भिलाईच्या मॅडमनी तुम्हाला फसवलं."

खाली फोटो. वर्तमानपत्राच्या कागदावर चार दगड, शेजारी आम्लाची बाटली आणि कडेला तीन-चार पोरांची बोटं.

कांदा करपला तो तेव्हा. कारण त्या दगडांसोबत गेलेला कागद माझ्या अक्षरातला होता. त्यात मी लिहिलं होतं, 'तीन आणि चार, दोन्ही आम्लात फसफसतात.' तीन नंबर मी करून पाहिला होता. चार नंबरचं पुस्तकातून उतरवलं होतं.

सकाळी ६.३०

नवरा गेला, सासूबाई देवापाशी बसल्या. हा तास घरकामाचा, पण हात कामात असले तरी डोकं दगडात.

दगडांची गोष्ट सांगायला हवी. भिलाईत राहून पोलाद शिकवणं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ शिकवण्यासारखं आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात मुलं कारखाना रोज लांबून बघतात. भट्टीत नेमकं काय जातं, ते हातात घेतलेलं मूल शंभरात एखादं. म्हणून गटात कल्पना निघाली की, पोलादाचा डबा करायचा. प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात चार दगड. एक नंबर दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, हेमॅटाइट. दोन नंबर भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरकडचं मँगनीज. तीन नंबर नंदिनीची चुनखडी. चार नंबर बिलासपूरकडच्या हिर्रीचा डोलोमाइट. दल्लीचं खनिज, नंदिनीची चुनखडी आणि हिर्रीचा डोलोमाइट भिलाईच्या कारखान्याला त्याच्या स्वतःच्या खाणींतून येतो. मँगनीज पोलादाला ताकद देतं. रुळाच्या पोलादात ते सुमारे एक टक्का असतं.

दगड कुणी विकत आणले नाहीत. बालोद जिल्ह्यातल्या मॅडमनी रस्त्याकडेला ट्रकमधून सांडलेलं खनिज गोळा केलं. तुमसरच्या सरांनी मँगनीज दिलं. आमच्या शाळेतल्या एका शिपाईदादांचं गाव नंदिनीच्या वाटेवर आहे, चुनखडी त्यांची. फोटो तर कोणीही पाठवेल. पण लोहखनिजाचा तुकडा तळहातावर घेतला की, मूल आधी वजनानं चकित होतं. एवढासा दगड इतका जड कसा, हा पहिला प्रश्न. फोटोला वजन नसतं.

सकाळी ७.४५

गट कसा सुरू झाला, ते नव्या माणसाला मी नेहमी सांगते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ७ एप्रिलला छत्तीसगड सरकारनं 'पढ़ई तुंहर दुआर' सुरू केलं. अर्थ सरळ आहे, शिक्षण तुमच्या दारी. पण दारी फोन नव्हता आणि फोन असला तर रेंज नव्हती. मग त्याच वर्षी गल्लीत, झाडाखाली वर्ग भरू लागले, 'पढ़ई तुंहर पारा'. कुठे लाउडस्पीकरवरून धडे झाले. कुठे ब्लूटूथवरून आठवडी बाजारात ध्वनिफिती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गेल्या. त्याला नावही झकास पडलं, 'बुलटू के बोल'.

त्या दिवसांत दुर्ग आणि बालोदच्या आम्ही तिघाचौघांनी एक गट केला. झाडाखाली प्रयोगशाळा नसते, तेव्हा घरच्या वस्तूंत काय करता येईल, एवढाच विषय. माझा मावसभाऊ गोंदियाकडे शिक्षक आहे. त्याला घेतलं, त्यानं चार जण आणले, त्या चौघांनी आणखी. आता हिंदी शाळांचे आणि मराठी शाळांचे मिळून शंभरावर विज्ञान शिक्षक आहेत. दुर्गहून निघालेली रेल्वे राजनांदगाव, डोंगरगड करत सालेकसा, आमगाव, गोंदियाला जाते आणि पुढे तुमसर रोडला. आमचा गट म्हणजे जवळजवळ हीच रेल्वेलाइन.

नियम तीन. सुप्रभात नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत. स्वतः वर्गात केलेलंच पाठवायचं. आणि प्रत्येक कागदाखाली तीन ओळी लिहायच्या: काय केलं, काय झालं, काय बिघडलं. तिसरी ओळ रिकामी असेल तर कागद परत.

हा नियम माझाच. आणि चार नंबरच्या दगडाच्या कागदाखाली तिसरी ओळ मी लिहिली होती: 'काही नाही.'

सकाळी ८.१५

शाळेआधीचा पाऊण तास भाषांतराचा. भंडाऱ्याच्या मॅडमनी मराठीत लिहिलेला कागद हिंदीत न्यायचा किंवा बालोदचा हिंदी कागद मराठीत. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि मुलांशी छत्तीसगढी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आता सॉफ्टवेअर चुटकीसरशी भाषांतर करून देतं, मग तुम्ही कशाला बसता, असं एका तरुण सरांनी विचारलं होतं. त्यांना मी 'क्षार' या शब्दाची हकिगत सांगितली.

मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जो तयार होतो तो क्षार. मीठ हा क्षार. हिंदी पुस्तकात त्याला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, चुन्याच्या निवळीसारखा. शब्द एकच, लिपी एकच, अर्थ उलटे. भंडाऱ्याचा 'क्षार' तसाच्या तसा बालोदच्या वर्गात पोचला आणि मुलांनी वहीत लिहून घेतलं की, मीठ क्षार आहे. एका मुलीनं मिठाच्या पाण्यात लाल लिटमस बुडवला. निळा झाला नाही. तिनं विचारलं, मग हा क्षार कसला? तिच्या त्या प्रश्नामुळे आमची चूक आम्हाला कळली.

अणूचंही तसंच. मराठीत अणू म्हणजे पदार्थाचा तो सूक्ष्म कण ज्याला हिंदीत परमाणु म्हणतात. हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. मराठी कागदावरचं 'पाण्याच्या रेणूत तीन अणू' हिंदीत नेताना 'पानी के अणु में तीन परमाणु' असं न्यावं लागतं. घाईत शब्द तसाच ठेवला तर दहावीच्या पोराचे गुण जातात आणि त्याला कळतही नाही का गेले.

म्हणून गटात आता एक कोष्टक आहे. मूलद्रव्य म्हणजे तत्त्व, संयुग म्हणजे यौगिक, वस्तुमान म्हणजे द्रव्यमान, दर्शक म्हणजे सूचक. पहिल्या दोन ओळी तांबड्या: क्षार आणि अणू.

सकाळी ९.१५

स्कूटर काढली. सेक्टरमधल्या झाडांच्या रांगा, मग जी. ई. रोड, पॉवर हाऊसची गर्दी आणि पुढे नंदिनी रोड. पाऊस बारीक होता. डावी-उजवीकडे पत्र्याची दुकानं, लेथ मशिनांचे आवाज, ओल्या लोखंडाचा वास.

माझे सासरे भंडाऱ्याकडचे. १९६२ साली रेल मिलमध्ये लागले. सोव्हिएत मदतीनं कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ चा. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. सासरे सांगत की, सुरुवातीला रशियन इंजिनिअर आणि आपले कामगार खुणांनी बोलत. कुणी कुणाला भाषा शिकवली नाही, काम करता करता चुका होत गेल्या आणि शब्द तयार झाले. आमच्या कोष्टकाचा वंश तिथला असावा.

सकाळी १०.००

प्रार्थना, हजेरी, ओल्या छत्र्यांची व्हरांड्यात रांग. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. एका कपाटाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची हरवलेली. परीक्षानळ्या मोजल्या, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली, चष्मे काढले. ड्रॉपर दोनच होते, तिसऱ्याचं रबर चिकट झालं होतं. औषधाच्या दुकानातून आणलेले नाकात थेंब टाकायचे ड्रॉपर अशा वेळी उपयोगी पडतात. ही युक्ती गटातली, बेमेतऱ्याच्या एका सरांची.

सकाळी १०.४५

दहावीचा तास. धडा धातू-अधातूंचा. मी डबा उघडला आणि चार दगड चार बाकांवर दिले.

आधी कस. फरशीच्या टाइलची मागची खरखरीत बाजू वर करायची आणि दगड घासायचा. एक नंबर दिसायला काळपट-करडा, पण टाइलवर रेघ उमटली ती लालसर तपकिरी, गेरूसारखी. वर्गात ओरडा. दोन नंबरची रेघ काळीकुट्ट, तव्याच्या काजळीसारखी. तीन आणि चारची पांढरी. दगडाचा रंग फसवतो, कस फसवत नाही, एवढं वहीत लिहून घेतलं. एका मुलानं विचारलं की, खनिज घासलं तर लाल आणि त्यातून निघालेलं लोखंड करडं, असं का? मी उलटं विचारलं, लोखंड पावसात ठेवलं तर कोणत्या रंगाचं होतं? तो क्षणभर थांबला. "जंग..." मग स्वतःच म्हणाला, "मैडम, मतलब खदान में लोहा पहले से जंग खाया हुआ है?"

बरोबर. गंज आणि हेमॅटाइट अगदी एक नव्हेत, गंजात पाणीही असतं. पण दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं. झोतभट्टीत काय करतात, तर कोकपासून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडनं तो ऑक्सिजन ओढून काढतात. उरतं ते लोखंड. चुनखडी तापून चुना होतो, तो खनिजातल्या वाळूला धरतो आणि मळी होऊन वर तरंगतो. ज्यांच्या घरचं कुणी कारखान्यात आहे, त्यांना 'स्लॅग' हा शब्द ठाऊक होता. त्यात चुनखडीतला चुना असतो, हे ठाऊक नव्हतं.

मग आम्ल. पहिल्या बाकावर तीन नंबर. थेंब पडला आणि दगड उकळल्यासारखा फसफसला. टाळ्या. चार नंबर शेवटून दुसऱ्या बाकावर होता. थेंब टाकला. काही नाही. दुसरा थेंब. दगड नुसता ओला झाला.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. एका मुलीनं हळूच विचारलं, "मैडम, ए पथरा ह काबर चुप हे?" हा दगड गप्प का?

मी खरं सांगितलं. मी कागदावर लिहिलं होतं की हा फसफसतो. मी करून पाहिलं नव्हतं. आता तुम्ही शोधा.

दहा मिनिटं सूचना येत राहिल्या. आम्ल खराब आहे. लगेच तीन नंबरवर टाकून पाहिलं, आम्ल चांगलं होतं. दगड खोटा आहे. दगड ओला आहे. दगडाला तेल लागलंय. पुसला, धुतला, वाळवला, तरी गप्पच. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलानं, ज्याला मी दोनदा गप्प बसवलं होतं, कर्कटकाच्या टोकानं दगडावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. रागवायला मी तोंड उघडलं. पण त्यानं थेंब टाकलाच. आणि बाकीचा दगड तसाच राहून फक्त ते अक्षर फसफसलं. पांढऱ्या बुडबुड्यांचा एक 'र'.

असा आवाज आमच्या वर्गात फार दिवसांत झाला नव्हता.

का झालं, ते मग तासाच्या उरलेल्या वेळात जुळवलं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम असतं आणि थंड सौम्य आम्लाशी त्याची अभिक्रिया फार सावकाश होते. कोरल्यावर पूड झाली, पुडीचं पृष्ठफळ जास्त, म्हणून तिथे बुडबुडे दिसले. मग हातोडी आणली, कोपरा फोडला, पूड परीक्षानळीत घेतली. बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधाळ झाली.

दुपारी १२.१५

मोकळा तास. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी रेंज बरी असते. व्हरांड्यात उभी राहून मी गटात आवाजी निरोप ठेवला. आधी चूक, मग खुलासा. "चार नंबरचा कागद मी न करता लिहिला. नियम मी मोडला. दगड खरा आहे. तो कोरून किंवा कुटून मग आम्ल टाका." सोबत त्या अक्षराचा फोटो.

पाच मिनिटांत सालेकशाचे सर: "ताई, सुटीत खिळ्यानं ओरखडा काढला. फसफसला! पोरं म्हणतात, मॅडमना माफ."

मग एकेक जण बोलू लागले. आमच्याकडेही चार नंबर गप्पच होता, असं आणखी चौघांनी लिहिलं. दोन आठवडे डबे त्यांच्याकडे होते आणि कुणी बोललं नव्हतं. तुम्ही लिहिलंय म्हणजे आमचंच काहीतरी चुकलं असेल, असं त्यांना वाटलं होतं. हे वाचून मला दगडापेक्षा जास्त लागलं.

दुपारी १.३०

डबा. आज चिला, तांदळाच्या पिठाचा, आणि टोमॅटोची चटणी. जेवताना एका हातात फोन, ही वाईट सवय आहे.

गटात वाद पेटला होता. एका सरांच्या शाळेत आम्ल नाही. त्यांनी शौचालय साफ करायचं द्रव वापरून पाहायचं सुचवलं होतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे बरोबर. पण ते जाडसर, रंगीत, तीव्र असतं आणि त्याच कपाटात ब्लीचिंग पावडर ठेवलेली असते. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू. मी लिहिलं, मुलांच्या हातात नको. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. चुनखडी त्यातही फसफसते, थोडी हळू. चार नंबर जवळच्या हायस्कूलमध्ये नेऊन दाखवा.

कुणीतरी विचारलं, मग कागदावर ही सूचना कुठे आहे? नव्हती. म्हणून आजपासून चौथी ओळ: काय करू नये.

दुपारी २.३०

नववीचा तास, अणू-रेणूंचा. स्मार्ट बोर्ड आहे, वीज असली की चालतो. आज होती. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याची प्रतिरूपं फुकट आहेत आणि जगभरच्या शिक्षकांनी ती आपापल्या भाषांत नेली आहेत, मराठीत आणि हिंदीतही. मुलांनी पडद्यावर कण जोडून पाण्याचा रेणू केला, तसाच कार्बन डायऑक्साइडचाही. शेवटच्या दहा मिनिटांत वीज गेली. मग हरभरे आणि खराट्याच्या काड्या. रेणूच्या कोनाबद्दल हरभऱ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, ही तिसरी ओळ जुनीच आहे.

दुपारी ४.१५

शाळा सुटल्यावर डब्यांची पाठवणी. आमच्या शेजारच्या शाळेतल्या एका मॅडम उद्या गोंदियाला माहेरी निघाल्यात. त्यांच्या पिशवीत तीन डबे. तिकडून येताना तुमसरचं मँगनीज आणतील. ऑनलाइन गट म्हणतात खरं, पण आमच्या निम्म्या वस्तू कुणाच्या तरी माहेरच्या पिशवीतून जातात.

यावेळी डब्यात जुना कागद नाही. 'नवा कागद रात्री येईल' एवढंच चिठ्ठीवर लिहिलं.

संध्याकाळी ६.००

कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून लाल भाजी घेतली. दोन जुड्या, एक जेवणाला, एक प्रयोगाला. पुस्तकांत आणि चित्रफितींत दर्शक म्हणून जांभळी कोबी सुचवलेली असते. ती ना बालोदच्या बाजारात मिळत, ना सालेकशाच्या. म्हणून बालोदच्या मॅडमनी विचारलंय, लाल भाजीचं पाणी चालेल का?

स्वयंपाकघरात तीन वाट्या. एकीत लिंबू, एकीत साधं पाणी, एकीत पानाच्या चुन्याची निवळी. तिन्हीत भाजीचं गुलाबी पाणी. लिंबात फरक जवळजवळ नाही. चुन्यात काही वेळात पिवळं. म्हणजे लाल भाजी आम्लारी ओळखते, तीही तीव्र असली तरच, आणि आम्लाबाबत गप्प. आज दिवसच गप्प बसणाऱ्यांचा.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "त्यापेक्षा हळद घे ना. आमची आई हळदीला चुना नि लिंबू लावून कुंकू करायची." हळद आम्लारीत लाल होते, आम्लात पिवळीच राहते, तीही एका बाजूनंच बोलणारी. मग जास्वंद: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. दोन्ही बाजूंनी बोलते आणि गावोगाव अंगणात असते. कागदावर लिहिलं: 'लाल भाजी: अर्धवट. जास्वंद: उत्तम. हळद: सासूबाईंचा सल्ला.'

रात्री ८.३०

महिन्यातून एकदा पडद्यावरची बैठक असते. चाळीस मिनिटांत आटोपायची, कारण फुकटची वेळ तेवढीच. आज मध्य प्रदेशातले एक निवृत्त सर पाहुणे होते. त्यांनी होशंगाबाद विज्ञान शिकवलेलं.

ही गोष्ट आमच्या तरुण शिक्षकांना माहीत नसते, आणि ती आपल्या जुन्या राज्यातली आहे. छत्तीसगड २००० पर्यंत मध्य प्रदेशातच होतं. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते जिल्हाभर झालं, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेनं पुढे नेलं, आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केलं. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तिथेच गेले होते. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करायची कल्पना तिथली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून त्यांनी खेळणी, पुस्तकं आणि लघुपट सगळ्यांसाठी खुले केले.

पाहुणे सर प्रयोगांबद्दल कमी बोलले आणि मासिक गोष्ठीबद्दल जास्त. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत. कुणी काय शिकवलं, हे तिथे कुणी विचारत नसे. काय फसलं आणि मुलांनी असं काय विचारलं ज्याचं उत्तर आलं नाही, तेच विचारत. मुलं 'सवालीराम' या नावानं पत्रं पाठवत, प्रत्येकाला उत्तर जाई. आमच्याकडे फोन नव्हता, पोस्टकार्ड होतं, असं ते हसून म्हणाले.

मग आमचा जुना प्रश्न निघाला. दोन तरुण शिक्षिकांनी स्पष्ट सांगितलं, तिसरी ओळ लिहायची भीती वाटते. एका ठिकाणी गटातला 'बिघडलं' असा फोटो वरिष्ठांपर्यंत गेला आणि त्या शिक्षिकेकडे खुलासा मागितला गेला. प्रशिक्षणात सगळे यशाचे फोटो लावतात. अपयश लावणारा कामचुकार ठरतो. मग कोण लावेल?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा माझा दगड होता, तो मी पुन्हा सांगितला. न करता लिहिलेला कागद निदान पाच वर्गांत दोन आठवडे खोटा पडत होता. बिघडलं असं एकानं जरी पहिल्याच दिवशी लिहिलं असतं, तर बाकीच्यांच्या मुलांना आपले शिक्षक फसवे वाटले नसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल गाजला. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. २०१७ पासून 'दीक्षा'सारखं सरकारी व्यासपीठही आहे. पोचवायची सोय आता कुठेही कमी नाही. कोड स्कॅन केला की धडा उघडतो. पण तो धडा आपल्या वर्गात कुठे अडला, ते कोडात नसतं. ते अडलेल्या शिक्षकानंच लिहावं लागतं.

ठरलं ते इतकंच. गटातले फोटो मुलांच्या चेहऱ्यांशिवाय आणि शाळेच्या नावाशिवाय टाकायचे. तिसरी ओळ हवी असेल तर निनावी, ती मी एकत्र करून लावीन. चाळीस मिनिटं संपली, पडदा काळा झाला.

रात्री १०.३०

नवरा झोपलाय, उद्याही सकाळची पाळी. सासूबाईंच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. बाहेर पाऊस थांबलाय आणि कारखान्याच्या बाजूचं आकाश तांबूस आहे.

नवा कागद दोन्ही भाषांत लिहिला. हिंदीतला 'क्षार' दोनदा तपासला. चार नंबरखाली आधी 'बुडबुड्यांचा आवाज ऐकायला कान जवळ न्या' असं लिहिलं होतं, ते खोडलं. आम्लाजवळ कान नको. 'भिंगातून बघा, चष्मा लावून' असं केलं. शेवटच्या ओळी अशा:

'काय केलं: डोलोमाइटच्या अख्ख्या तुकड्यावर सौम्य आम्ल टाकलं. काय झालं: काही नाही. काय बिघडलं: लिहिणारीनं आधी करून पाहिलं नव्हतं. दगड कोरा किंवा कुटा, मग थेंब टाका. काय करू नये: शौचालय साफ करायचं द्रव वापरू नये.'

कागद गटात टाकला. सकाळपर्यंत त्याखाली किती ओळी येतील, सांगता येत नाही. तुम्ही शिक्षक असाल, तुमच्या गावच्या आसपास कुठे चुनखडी, डोलोमाइट, गेरू, मँगनीज, काहीही असेल, तर एक डबा करा. आणि जो दगड तुमच्या वर्गात गप्प बसला, त्याचं आधी लिहा.